चुन्यावांचून उजेड

किल्ल्यांचे तट कोणीं बांधले, देवळांचे मंडप कोणत्या राजवटींत उभे राहिले, सरदारांच्या वाड्यांना किती चौक होते, ह्याविषयीं मराठींत पुष्कळ लेखन झालें आहे. पण ज्या घरांत सामान्य कुटुंबाच्या चार चार पिढ्या नांदल्या, त्या घराच्या आंतल्या खोलींत उजेड कोठून आणि कसा येत असे, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटतो. प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. तथापि ज्या खोलींत भर दिवसा दिवा लावावा लागे, त्याच खोलींत बहुधा घरांतल्या बायकांचा सारा दिवस जाई, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें क्षुल्लकपण नाहींसें होतें. उजेडाच्या वांटणीचा इतिहास हा घरांतील माणसांच्या मानमरातबाचाही इतिहास आहे. ओटीवर बसणारास उजेड न मागतां मिळे. माजघरांत आणि चुलीपुढें राबणारीस तो छपरांतल्या एखाद्या फटींतून मिळेल तेवढाच घ्यावा लागे.

अलीकडे नव्या घरांच्या जिन्यांत व न्हाणीघरांत कांचेच्या पोकळ विटा बसविण्याची चाल पडली आहे. बाजारांत त्यांस ‘ग्लास ब्लॉक’ म्हणतात. ह्या विटांची खिडकी करावयाची तर त्या सिमेंटांत बसवाव्या, कीं सिमेंटावांचून नुसत्या चौकटींत बसवाव्या, असा प्रश्न घर बांधणारापुढें येतो. गवंड्याच्या दृष्टीनें हा सोयीचा आणि खर्चाचा प्रश्न आहे. आमच्या मतें त्याच्या मागें कोंकणचा कित्येक शतकांचा अनुभव उभा आहे, आणि शिरोड्यासारख्या समुद्रकांठच्या गांवीं तर त्या अनुभवाचा कौल स्पष्ट आहे. तो कौल कोणता, व तो कां मानावा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शिरोडा हें वेंगुर्लें तालुक्याच्या दक्षिणेकडील गांव. सन १९३० च्या मे महिन्यांत येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, आणि सन १९२० पासून १९३८ पर्यंत वि. स. खांडेकर येथील शाळेंत शिक्षक होते, ह्या दोन गोष्टींमुळें तें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. आमच्या विषयाचा संबंध मात्र येथील मिठाशीं आणि पावसाशीं आहे. ह्या किनारपट्टींत वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. शिवाय तो सरळ पडत नाहीं. समुद्राकडील वाऱ्यावर आडवा येऊन भिंतीस झोडपतो. पाऊस सरला तरी हवेंतील खारेपणा जात नाहीं. लोखंडाचा खिळा अशा हवेंत पाहतां पाहतां गंजतो. गंजला म्हणजे फुगतो, आणि फुगला म्हणजे ज्या लांकडांत किंवा ज्या गिलाव्यांत तो बसविला असेल त्यासच फोडतो.

असल्या हवेंत घर बांधणारानें पहिली काळजी वाहिली ती पावसाची, उजेडाची नव्हे. त्यानें छपराच्या कडा इतक्या खालीं आणल्या कीं पडवींत शिरतांना उंच माणसास मान लववावी लागे. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या आणि जाड केल्या. खिडक्या थोड्या, लहान आणि गजांच्या ठेवल्या, व त्यांस भरभक्कम लांकडी झडपा लावल्या. पावसाळ्यांत झडप उघडावी तर पाणी आंत येई, मिटावी तर काळोख होई. घर कोरडें आणि गार राहिलें खरें. पण खळ्यांत ऊन लखलखत असतां माजघरांत तांदुळांतला खडा दिसूं नये, अशी त्याची स्थिति झाली. भिंतींतून पाऊस न येतां उजेड तेवढा यावा, हा कोंकणी घराचा जुना हट्ट आहे, आणि आजच्या कांचेच्या विटेचा जन्म परक्या देशांत जरी झाला असला, तरी ती उत्तर देते ह्याच हट्टास.

आतां ‘चुन्यावांचून’ ह्या शब्दाकडे वळूं. चुना न वापरतां केलेलें बांधकाम म्हणजे दरिद्री किंवा तात्पुरतें बांधकाम, असा समज सिमेंटाच्या ह्या युगांत सहज होतो. परंतु आपल्याकडे तसें कधींच नव्हतें. ज्या देवळांस आपण हेमाडपंती म्हणतों तीं चुन्यावांचूनच उभीं आहेत. तेराव्या शतकांतील यादवांचा मंत्री हेमाद्रि ह्याचें नांव त्या पद्धतीस चिकटलें. पण पद्धति त्याच्याही आधींची आहे. सिन्नरचें गोंदेश्वराचें देऊळ हेमाद्रीच्या पूर्वींचें. दगड नीट घडावा, एकास खांच तर दुसऱ्यास तिच्यांत बसणारें कुसूं ठेवावें, आणि उरलेलें काम दगडाच्या स्वतःच्या वजनावर सोंपवावें, एवढाच ह्या विद्येचा गाभा. कोंकणांत तीच विद्या अगदीं साध्या वेषांत गडग्याच्या रूपानें वावरते. परड्याभोंवतींचा गडगा म्हणजे चिरे व दगड एकावर एक रचून केलेली कोरडी भिंत. पावसाचें पाणी तिच्या सांध्यांतून वाहून जातें. म्हणून पाणी तुंबून ती ढासळत नाहीं. एखादा दगड पडला तर गवंड्यास बोलावणें धाडावें लागत नाहीं. घरधनी तो उचलून पुन्हां जागेवर ठेवतो.

चुन्याचें किंवा सिमेंटाचें काम दोन वस्तूंमधील जागा भरून त्यांस एकजीव करण्याचें. दोन्ही वस्तु एकाच जातीच्या असल्या, एकाच प्रमाणांत पाणी पिणाऱ्या व सुकणाऱ्या असल्या, तर हें एकीकरण उत्तम. पण एक वस्तु पाणी पिणारी आणि दुसरी थेंबही न पिणारी, एक वर्षावर्षानें हलणारी आणि दुसरी ताठ, अशीं जोडपीं चुन्यानें जखडलीं म्हणजे जी दुर्बळ असेल ती तडकते. खिडकींत बसविण्याची उजेडाची वस्तु ही भिंतीच्या मानानें नेहमींच दुर्बळ असते. ह्यास्तव भिंत चुन्याची असो वा मातीची असो, खिडकीचें पान चुन्यावांचून बसवावें, हा धडा कोंकण-गोमंतकानें फार पूर्वीं घेतला. त्याचा पहिला आणि सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे शिंपल्यांच्या खिडक्या.

शिरोड्याच्या दक्षिणेस रेडी, आणि रेडीच्या पलीकडे तेरेखोलचा किल्ला. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असलेला हा किल्ला वाडीकर सावंतांचा. तो सन १७४६ त पोर्तुगीजांनीं घेतला, आणि त्यामुळें नदी न ओलांडतांच गोव्याची हद्द लागते. राजवटी दोन झाल्या, तरी दोन्हीकडे जांभा तोच, पाऊस तोच आणि खारा वारा तोच. म्हणून गोव्याच्या घरानें उजेडाचें कोडें कसें सोडविलें, हें शिरोड्याच्या घरास परकें वाटण्याचें कारण नाहीं.

गोव्याच्या खाड्यांतील उथळ गाळांत एक चपटा शिंपला सांपडतो. प्राणिशास्त्रांत त्यास ‘प्लाकुना प्लासेंटा’ असें नांव आहे. खिडक्यांचा शिंपला हीच त्याची लौकिकांतली ओळख. त्याचीं दोन्ही पाळीं जवळजवळ सपाट, थाळीसारखीं वाटोळीं आणि इतकीं पातळ असतात कीं उजेडापुढें धरलीं असतां त्यांतून दुधाळ प्रकाश पाझरतो. हीं पाळीं स्वच्छ करून, कडा कातरून, दोन-तीन इंचांचे चौकोनी तुकडे करीत. सुतार लांकडाच्या उभ्या पट्ट्यांस दोन्ही अंगांस खांचा पाडी, आणि त्या खांचांतून एकाखालीं एक असे हे तुकडे सरकवीत नेई. वरच्याची कड खालच्यावर किंचित् चढे, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर निथळून जाई. ह्या कामांत ना चुना, ना राळ, ना मेण. लांकूड पावसाळ्यांत फुगे व उन्हाळ्यांत आकसे. शिंपला खांचेंत मोकळा असल्यामुळें त्यास त्याची झळ लागत नसे. एखादा फुटलाच तर पट्टी सैल करून नवा सरकवीत.

सतराव्या शतकाच्या आरंभीं, सन १६०८ ते १६१० ह्या काळांत, गोव्यास राहिलेला फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा पिरार ह्यानें तेथील घरांच्या ह्या खिडक्यांची नोंद करून ठेविली आहे. कांचेऐवजीं शिंपले पाहून त्यास कौतुक वाटलें. अठराव्या शतकाच्या मध्यास मुंबईस आलेला जॉन हेन्री ग्रोस ह्यानें मुंबईंतही तशाच खिडक्या पाहिल्या, आणि ह्या पानांतून उजेड पुरेसा येतो पण उन्हाचा भपका बाहेर राहतो, हा त्यांचा गुण त्यानें नेमका हेरला. जुन्या गोव्यांतील चर्चमधून आणि चांदरच्या ब्रागांझांच्या वाड्यासारख्या जुन्या घरांतून अशा खिडक्या आजही पाहावयास मिळतात. फिलिपीन बेटांतील जुन्या घरांतही ह्याच शिंपल्याच्या खिडक्या आहेत. तेथें शिंपल्यास ‘कापिझ’ म्हणतात.

येथें एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत घ्यावी. किनाऱ्यावर चुना मिळविण्याचा जुना मार्ग म्हणजे शिंपले भट्टींत भाजणें. शिंपला आणि चुनखडी ह्यांचें द्रव्य रसायनशास्त्राच्या दृष्टीनें एकच. अर्थात् ज्या वस्तूपासून चुना व्हावयाचा तीच वस्तु न भाजतां राखून ठेवून लोकांनीं तिची खिडकी केली, आणि ती बसविली मात्र चुन्यावांचून. भिंत बांधण्यास शिंपला जळाला, उजेड येण्यास तो अखंड राहिला. कोणत्या कामास कोणतें रूप योग्य, ह्याचा इतका चोख विवेक विद्यापीठांत शिकून येत नाहीं. तो पिढ्यानुपिढ्या पावसाशीं झगडून येतो.

ह्या शिंपल्यांचा काळ सरला तो दोन कारणांनीं. विलायती कांच स्वस्त झाली हें एक, आणि घराचें छप्परच बदललें हें दुसरें. सन १८६५ मध्यें बाझेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट ह्यानें मंगळुरास, नेत्रावतीच्या कांठीं जेप्पू येथें, यंत्रावर कौलें पाडण्याचा कारखाना सुरू केला. तोंवर कोंकणांत गवताचीं किंवा कुंभारी नळ्यांचीं छपरें असत. नळे दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं परतावे लागत, आणि माकडांच्या एका उडीसरशीं ते जागचे हलत. मंगलोरी कौलाची मौज अशी कीं त्याच्या अंगांतच सांधा असतो. कडेस पन्हळ आणि खांच, पाठीस रिपेवर अडकविण्यास टोंक. एक कौल शेजारच्या कौलांत गुंतलें कीं पाणी आंत येत नाहीं. चुना नाहीं, खिळा नाहीं. समुद्रमार्गें हें कौल सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरलें.

आणि ह्या कौलाबरोबर, त्याच मापाचें व त्याच खांचांचें, कांचेचें कौल आलें. स्वयंपाकघराच्या इतिहासांत ह्या एका वस्तूनें केलेली क्रांति मोठी आहे. मातीचें एक कौल काढावें आणि त्याच्या जागीं कांचेचें एक कौल ठेवावें. काम घटकाभराचें, आणि तें कोणासही करतां येण्यासारखें. त्यासरशीं जेथें पिढ्यान् पिढ्या काळोख होता तेथें भर दुपारीं उन्हाचा एक चौकोन शेणानें सारवलेल्या जमिनीवर उतरे. चुलीचा धूर त्या कवडशांतून निळसर दिसे. तो चौकोन पाट्यावरून वाइनाकडे सरकला म्हणजे किती वाजले हें घड्याळावांचून कळे. भिंत फोडावी लागली नाहीं, कीं वडील माणसांची परवानगी घेऊन मोठा खर्च मांडावा लागला नाहीं. आमच्या समजुतीनें माजघरांतल्या बायकांस मिळालेला हा पहिला स्वतःचा उजेड होय. आणि तो इतक्या सहज मिळाला ह्याचें कारण तो जागेवर ठेवण्यास गवंडी लागत नव्हता.

कांच ह्या पदार्थानेंच त्या काळांत महाराष्ट्राच्या मनांत घर केलें होतें, हेंही येथें सांगितलें पाहिजे. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं पैसा पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडांतून सन १९०८ मध्यें तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. पुढें १९१६ मध्यें औंध संस्थानांत, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंनीं आपला कारखाना काढला, आणि तेथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. दिवसाचा उजेड कांचेच्या कौलांतून, आणि रात्रीचा उजेड कंदिलाच्या कांचेंतून, अशी स्वदेशी व परदेशी कांचेची सोबत कोंकणच्या घरास पुष्कळ वर्षें होती. ज्या पिढीनें त्या उजेडांत अक्षरें गिरविलीं, तिच्यांतूनच पुढचे शिक्षक व लेखक निघाले.

आतां कांचेच्या विटेकडे येऊं. तिचे पूर्वज भिंतींत जन्मले नाहींत. ते जहाजांत आणि रस्त्यांत जन्मले. जुन्या शिडाच्या जहाजांत खालच्या मजल्यावर दिवा नेणें धोक्याचें असे. म्हणून वरच्या फळ्यांत कांचेचे जाड लोलक बसवीत व त्यांतून उजेड खालीं उतरवीत. सन १८४५ मध्यें न्यूयॉर्कच्या थॅडिअस हायट ह्यानें लोखंडी चौकटींत कांचेचीं भिंगें बसवून पदपथाखालच्या तळघरांस उजेड देण्याची युक्ति काढली. १८८६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील न्यों गांवच्या गुस्ताव्ह फाल्कोनिये ह्या स्थापत्यकारानें फुंकून केलेल्या पोकळ कांचेच्या विटेचें पेटंट घेतलें. तिला आपण आजच्या विटेची आजी म्हणूं. त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत ‘लक्सफर’ नांवाच्या कंपनीनें चार इंची कांचेच्या लाद्या विकण्यास आरंभ केला. त्यांच्या मागच्या अंगास लोलकासारख्या धारा असत व त्या रस्त्यावरचा उजेड वळवून दुकानाच्या आंतवर फेंकीत. विशेष हें कीं त्या लाद्या सिमेंटांत बसवीत नसत. मध्यें तांब्याच्या पट्ट्या ठेवून विजेच्या साहाय्यानें त्यांवर तांब्याचा थर चढवीत, आणि सारें पान एकसंध करून चौकटींत घालीत.

पुढें फुंकलेल्या विटेची जागा सांच्यांत दाबलेल्या विटेनें घेतली. दोन अर्ध्या पेट्या दाबून करावयाच्या, आणि गरम असतांनाच त्यांच्या कडा वितळवून जोडावयाच्या. निवतां निवतां आंतली हवा विरळ होते, आणि त्या विरळ हवेमुळें उष्णता व आवाज दोन्ही कमी आंत येतात. १९२८ ते १९३२ ह्या काळांत पॅरिसमध्यें पियेर शारो ह्यानें एका डॉक्टरासाठीं बांधलेल्या ‘कांचेच्या घरा’मुळें आणि १९३३ च्या शिकागोच्या प्रदर्शनांतील इमारतीमुळें ही वस्तु जगाच्या नजरेंत भरली.

पण ह्या वैभवाच्या काळांतच तिचें दुखणेंही उघड झालें. सिमेंट ओलें असतां जागा व्यापतें आणि सुकतांना आकसतें. मातीची वीट त्यांतलें कांहीं पाणी पिऊन घेते व त्याच्याशीं जुळवून घेते; कांच पाणी पीत नाहीं आणि तडजोडही करीत नाहीं. तिच्या गुळगुळीत अंगास सिमेंट नीट धरत नाहीं, आणि सांध्यांत केंसाएवढी फट पडली कीं पाऊस आंत शिरतो. शिवाय भोंवतालचें घर थोडें जरी बसलें किंवा हललें, तरी तो भार आडवातिडवा कांचेवर येतो. म्हणून सिमेंटांत बसवितांनाही माथ्यावर व बाजूंस मऊ पट्ट्या घालून जागा मोकळी सोडावी लागते. म्हणजे चुन्याचा मार्ग धरणारासही शेवटीं थोडें चुन्यावांचून राहावेंच लागतें. सन २००१ मध्यें टोकियोच्या गिंझा भागांत रेंझो पियानो ह्यानें एर्मेस पेढीसाठीं सुमारें १३ हजार कांचेच्या विटांची इमारत उभारली. भूकंपाच्या त्या देशांत त्यानें विटा सिमेंटानें जखडल्या नाहींत. पोलादी आधारावर तोलून त्यांच्या सांध्यांत लवचिक भरण घातलें, कीं धक्का बसला असतां प्रत्येक वीट तिळभर हलावी आणि फुटूं नये. खांचेंत मोकळ्या बसणाऱ्या गोव्याच्या शिंपल्याचें शहाणपण तें हेंच.

ह्या साऱ्याचा शिरोड्यांतील एखाद्या घरास उपयोग काय? समजा, जुन्या घराच्या माजघरास किंवा नव्या घराच्या स्वयंपाकघरास उजेडाची भिंत करावयाची आहे. बाजारांत सर्वत्र मिळणारी वीट १९० मिलिमीटर लांब, तितकीच उंच आणि ८० मिलिमीटर जाड असते. वजन अडीच किलोच्या आंतबाहेर. आडव्या पांच आणि उभ्या चार अशा २० विटा घेतल्या, व सांध्यांस आणि कडांस पांच पांच मिलिमीटर सोडले, तर पान ९८० मिलिमीटर रुंद व ७८५ मिलिमीटर उंच होतें, आणि त्याचें वजन ५० किलोंच्या जवळपास भरतें. प्रथम हें गणित करावें आणि मग भिंतींत भोंक पाडावें. भोंक पाडून मग विटा मोजणाराचें काम कधींच नीट बसत नाहीं. भोंकाच्या माथ्यावर लिंटल हवेंच, कारण कांचेच्या विटेवर भिंतीचा भार घालावयाचा नसतो. बाजू ओळंब्यांत आणि तळ पाणसळींत असावा.

नंतर चौकट. ती चांगल्या वाळलेल्या सागाची किंवा फणसाची करावी, अथवा ॲल्युमिनियमची घ्यावी. साधें लोखंड ह्या हवेंत वापरूं नये. चौकटीच्या आंतल्या अंगास चारी बाजूंनीं एक पट्टी कायमची ठोकावी, म्हणजे विटा तिला टेकतील. तळाशीं मऊ पट्टी अंथरून तिच्यावर पहिली रांग ठेवावी. दोन विटांमध्यें उभी आणि दोन रांगांमध्यें आडवी अशी प्लॅस्टिकची पट्टी घालावी. कांचेस कांच कोठेंही टेकतां कामा नये. चार रांगा झाल्या म्हणजे माथ्याशीं बोटभर जागा मोकळी राहील अशी चौकटीची उंची आधींच धरलेली असावी; ती जागा मऊ भरणानें भरावी, कारण पावसाळ्यांत लांकूड फुगेल तें ह्याच जागेंत. मग बाहेरच्या अंगास दुसरी पट्टी पितळी किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या स्क्रूंनीं बसवावी. शेवटीं सांध्यांवर दोन्ही बाजूंनीं सिलिकॉनची रेघ ओढावी. चौकटीचा खालचा कांठ बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा व भिंतीच्या थोडा पुढें काढावा, म्हणजे पाणी भिंतींत न मुरतां खालीं ठिबकेल. ह्या कामास नेटका सुतार पुरे. गवंडी लागतो तो भोंकापुरता.

ह्या पद्धतीचे दोष झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. सिलिकॉन अमर नाहीं. कांहीं वर्षांनीं तें खरवडून नवें भरावें लागतें. पान फार मोठें केलें तर मधून आधार द्यावा लागतो, आणि सिमेंटांत सळ्या घालून केलेल्या पानाइतकें तें चोरास दाद न देणारें असेलच असें नाहीं. सर्वांत मोठा दोष हा कीं, चुन्यानें बसवा वा चुन्यावांचून बसवा, ही खिडकी उघडत नाहीं. कोंकणांत उजेडाइतकीच वाऱ्याची गरज आहे; धूर कोंडलेल्या खोलींत नुसता उजेड आणला तर धूर तेवढा स्पष्ट दिसेल. म्हणून अशा पानाच्या वर जाळीची पट्टी किंवा एक उघडती झडप राखलीच पाहिजे. पश्चिमेच्या भिंतींत हें पान घातलें तर दुपार असह्य होईल. तें उत्तरेस किंवा पूर्वेस, पागोळीच्या सावलींत घालावें. आणि ज्याच्या घरावर अद्याप मंगलोरी कौलें आहेत त्यानें आधीं कांचेचीं दोन कौलें घालून पाहावीं. कदाचित् भिंत फोडण्याचें कारणच पडणार नाहीं.

मग सिमेंटावांचूनची ही यातायात कां करावी? त्याचें उत्तर आमच्या मतें टिकाऊपणाच्या हिशेबांत आहे, पण तो हिशेब निराळ्या रीतीनें मांडावयास हवा. आपण टिकाऊ म्हणतों तें न हलणाऱ्या वस्तूस. कोंकणचा अनुभव सांगतो कीं टिकते ती सोडवितां येणारी वस्तु. जुनें कौलारू घर उतरविलें तर त्याचे वासे दुसऱ्या घरास जातात, चिरे गडग्यास जातात, कौलें गोठ्यावर चढतात. भावाभावांच्या वांटण्या झाल्या, घराचीं दोन घरें झालीं, तरी खिडकी चौकटीसकट उचलून दुसऱ्या भिंतींत बसवितां येते. सिमेंटांत जखडलेल्या विटेचा मात्र एकदांच उपयोग. एक फुटली तर शेजारच्या चार फोडल्यावांचून ती निघत नाहीं, आणि घर पाडलें तर साऱ्यांचा खच होतो. शिंपल्याची गोष्ट तर आतां परतण्यासारखीही राहिलेली नाहीं. त्या प्राण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे, आणि तें योग्यच आहे. त्यामुळें जुनी खिडकी मोडून टाकली म्हणजे तिच्या जागीं नवी होणें नाहीं. ज्यांच्या घरीं तशी एखादी चौकट माळ्यावर पडलेली असेल त्यांनीं ती सरपणांत घालण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. तिचे तुकडे खांचांतून अलगद सरकवून काढतां येतात आणि नव्या लांकडांत बसवितां येतात. तीनशें वर्षांपूर्वींच्या सुतारानें ती सोय मुद्दाम करून ठेविली आहे.

उरतो प्रश्न पहिल्या खिडकीच्या जागेचा. नव्या घराच्या नकाशांत कांचेच्या विटा बहुधा दर्शनी जिन्यास किंवा दिवाणखान्यास मिळतात, कारण त्या पाहुण्यांस दिसाव्या अशी हौस असते. दर्शनी खोल्यांस उजेडाची वाण पूर्वींही नव्हती आणि आजही नाहीं. ज्या कोपऱ्यांत धान्य निवडलें जातें, भाजी चिरली जाते, जेथें घरांतली म्हातारी आपल्या मंद दृष्टीनें सुईंत दोरा ओंवीत असते, त्या कोपऱ्याची भिंत आधीं मोजावी. बारा-चौदा विटा, चार लांकडी पट्ट्या आणि सुताराचा एका दिवसाचा रोज, एवढ्यांत त्या कोपऱ्यास उजेड मिळतो. आणि उद्यां जागा चुकली असें वाटलें, तर स्क्रू काढून तो तसाच दुसऱ्या भिंतीस नेतां येतो.